खांद्यावरचं वजन

रायपूरला पोस्टिंग, शंकर नगरात भाड्याचं घर, बाहेर मे महिन्याचं ऊन. रविवारी दुपारी दहावीतल्या चिरंजीवांनी आव्हान दिलं, "बाबा, एनडीए वगैरे ठीक आहे. 'व्हेटरन'वर खेळून दाखवा."

गेम २००७ चा, 'कॉल ऑफ ड्यूटी ४'. 'व्हेटरन' ही त्यातली सगळ्यात अवघड पातळी. जरा आडोसा सोडला की खेळ संपला. मी अडकलो चेर्नोबिलशेजारच्या ओसाड प्रिप्यात शहरात. कॅप्टन मॅकमिलन जखमी. त्याला पाठीवर घ्यायचं, शत्रू आला की खाली ठेवून लढायचं, पुन्हा उचलायचं. शेवटी आकाशपाळण्यापाशी हेलिकॉप्टर येईपर्यंत तग धरायचा. तिथे मी तीसेक वेळा मेलो आणि दर वेळी चेकपॉइंटवर पुन्हा उभा राहिलो.

"बाबा, तुम्ही खरंच कुणाला असं उचललंय?"

उचललंय. कंपनी कमांडर होतो. एका जवानाच्या पायात गोळी लागली होती. डोंगरावरून रात्रभर आळीपाळीने उतरवला त्याला. मॅकमिलनला वजन नसतं. आमच्या गड्याचं दर तासाला वाढत होतं. "साब, रख दो मुझे," म्हणत होता. पहाटे रस्ता लागला. तो वाचला, पाय गेला. आणखी अर्धा तास आधी पोचलो असतो तर? त्या प्रश्नाला चेकपॉइंट नाही.

चिरंजीवांनी गेम थांबवला होता. घरात हे मी पहिल्यांदाच बोललो. आकाशपाळणा अजून बाकी आहे. पुढच्या रविवारी दोघे बसणार आहोत.