आमचा अभ्यासदौरा

फेब्रुवारीत पंधरा दिवस माझी एकही पोस्ट नव्हती. काहींनी काळजीने विचारलं, तब्येत बरी आहे ना? ज्यांना कळलं होतं त्यांनी खवचटपणे विचारलं, "काय साहेब, अभ्यासदौरा कसा झाला?"

विचारणारच. नगरसेवकांच्या अभ्यासदौऱ्यांवर गेली सतरा वर्षं मीच लिहीत आलोय. कोण कुठे गेलं, काय बघितलं, बिल कुणी भरलं, आल्यावर अहवाल दिला का. आता मीच युरोपात जाऊन आलो म्हटल्यावर हिशेब द्यायला लागणार. देतो.

माझी धाकटी बहीण आणि आमचे जावई नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतात. दोन मुलं, भाचा नऊ वर्षांचा, भाची चार वर्षांची. तिकडे फेब्रुवारीत शाळांना आठवडाभर सुट्टी असते, आणि गर्दी होऊ नये म्हणून देशाचे विभाग पाडून ती पुढे-मागे देतात. सुट्टी सोडून इतर दिवशी पोराला शाळेतून काढून फिरायला नेलं तर आईबापाला दंड होतो. (आमच्याकडे लग्नसराईत अर्धा वर्ग रिकामा असतो, तो विषय पुन्हा कधीतरी.) म्हणजे त्यांना जायचं तर याच आठवड्यात. बहीण म्हणाली, "दादा, तू आणि पोरगी या. सगळे मिळून चार दिवस एखाद्या शहरात जाऊ." बायकोला बारावीच्या परीक्षेची ड्युटी, ती येणं शक्यच नव्हतं. माझी लेक पाचवीत. मुख्याध्यापकांना अर्ज लिहून रजा मागितली.

व्हिसाचं थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. युरो शंभरीपार गेलाय, गुणाकार तुम्हीच करा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. आणि बँकेचं स्टेटमेंट. तालुक्याच्या पत्रकाराचं स्टेटमेंट बघून समोरच्या माणसाने एकदा माझ्याकडे आणि एकदा कागदाकडे बघितलं, पण बहिणीने तिकडून हमीपत्र दिलं होतं, म्हणून निभावलं.

आता मुद्द्याचं. शहर कोणतं निवडायचं?

माझ्या लेकीचं ठरलेलं होतं. पॅरिस. वहीच्या मागच्या पानावर आयफेल टॉवर काढून झालेला, सगळ्या वर्गाला सांगूनही झालेलं. आणि मीही, बाप म्हणून, मित्रमंडळींसमोर छाती काढून "बघू की टॉवर" असं म्हणून बसलो होतो.

बहिणीच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. मी आपला गाइडबुक वाचल्यासारखा राजवाडे आणि पुतळे सांगायला लागलो. तिने मला थांबवलं. म्हणाली, "दादा, फेब्रुवारीत चार वर्षांचं पोर घेऊन शहर निवडायचं म्हणजे तीनच गोष्टी बघायच्या. थंडी, भूक आणि सू." जावई मान डोलवत होते. अनुभवाचे बोल असावेत.

मग एकेका शहराला या तीन चाळण्या लावल्या. कोपनहेगन पहिल्या फेरीतच बाद, तिथे दिवसाचं तापमान दोन-तीन अंशांवर आणि समुद्राचा वारा. लेगोलँड म्हणावं तर ते कोपनहेगनपासून बरंच लांब, बिलुंडला. स्पेनमधलं सेविया मला फार आवडलं असतं. अठरा अंश, उघडं आकाश आणि रस्त्याकडेच्या झाडांना लगडलेली कडू संत्री. पण सहा माणसांची विमानाची तिकिटं आणि शाळेच्या सुट्टीतले दर. रोमला ऊन होतं, पण दगडी फरसबंदी गल्ल्यांतून बाबागाडी ढकलायची म्हणजे आपल्या स्टेशन रोडवरून ढकलल्यासारखं. इथून निघताना लोकांनी "ट्युलिप बघून या" सांगितलेलं. ती 'सिलसिला'तली बाग मार्चच्या मध्यानंतर उघडते. फेब्रुवारीत तिथे कुलूप.

राहिली दोन नावं. पॅरिस आणि व्हिएन्ना.

पॅरिसच्या बाजूने बरंच होतं. रेल्वेने तीन-चार तासांवर. लूव्र संग्रहालय अठरा वर्षांखालच्यांना फुकट. पण यंदा १४ जानेवारीपासून तिथे नवा नियम आलाय. युरोपातल्या मोठ्या माणसाला २२ युरो, बाहेरच्याला ३२. बहिणीचा पासपोर्ट भारताचाच, पण ती राहते नेदरलँड्समध्ये, म्हणून तिला २२. मी तालुक्याचा, मला ३२. एकाच आईची लेकरं आणि तिकीट वेगळं! मी हसलो, पण ते जरा लागलंच. शिवाय पॅरिसची मेट्रो जुनी, बहुतेक स्टेशनांवर लिफ्ट नाही, नुसते जिने. वारा जास्त असला की आयफेलचा वरचा मजला बंद ठेवतात. आणि सहा जणांना राहायला जागेचे जे दर स्क्रीनवर दिसत होते ते मी रुपयांत मोजणं सोडून दिलं.

व्हिएन्नाला थंडी जास्त, सकाळी शून्याच्या आसपास. पण ऑस्ट्रियाने २०१० पासून केंद्राची सगळी मोठी संग्रहालयं एकोणीस वर्षांखालच्यांना फुकट केलीत. मूल कुठल्या देशाचं, असला प्रश्न नाही. भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनवर लिफ्ट. सहा वर्षांखाली तिकीट नाही. आणि नेदरलँड्समधून व्हिएन्नाला थेट रात्रीची गाडी जाते, सहा बर्थच्या डब्यात आम्ही बरोबर सहा जण. एक रात्र झोपायची सोय त्यातच, हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचलं.

बहिणीने मुलांचं मतदान घेतलं. भाच्याने डायनासोर जिथे असतील तिथे मत दिलं. भाचीने "झोपायची गाडी" म्हणून दोन्ही हात वर केले. माझ्या लेकीकडे सगळे बघत होते. बहीण मला म्हणाली, "दादा, तू सांग, पॅरिस म्हणालास तर पॅरिस." मी गप्प. सतरा वर्षं लोकांना मतं देत फिरतोय, आणि स्वतःच्या बहिणीसमोर तोंडातून शब्द फुटेना. तिच्या पैशावर हट्ट कसा धरायचा, आणि पोरीला दिलेला शब्द कसा मोडायचा.

लेक म्हणाली, "व्हिएन्ना."

मला वाटलं, डायनासोरवर भाळली. रात्री पांघरुणात हळूच विचारते, "बाबा, पॅरिसला आत्याला जास्त पैसे पडले असते ना?" तिने आमचं सगळं ऐकलं होतं. हो म्हणालो. ती "मग बरं झालं" म्हणून कुशीवर वळली. मला त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही.

गाडीचं वर्णन करत नाही. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेलेल्यांना कळेल, फरक एवढाच की सकाळी चहा आणि दोन पाव भाड्यात येतात आणि कुणी "चाय गरम" म्हणून उठवत नाही.

व्हिएन्नात आम्ही काय बघितलं यापेक्षा कुठे बसलो हे सांगतो, कारण थंडीत मुलांना घेऊन फिरताना तीच खरी अडचण असते. दुसऱ्या दिवशी दुपारी बारीक बर्फाळ पाऊस सुरू झाला. भाची रडायला लागली, माझ्या लेकीच्या बोटांना मुंग्या आलेल्या. (कोट बहिणीने तिकडच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणून ठेवलेले, हातमोजे मात्र माझ्या गावच्या आठवडी बाजारातले. चूक माझी.) हॉटेलात शिरावं तर सहा जणांची कॉफी. जावई म्हणाले, समोर लायब्ररी आहे.

शहराची मुख्य लायब्ररी, २००३ साली बांधलेली, भुयारी रेल्वेच्या स्टेशनच्या अगदी डोक्यावर. बाहेर रुंद पायऱ्या. आत गेलो. मला वाटलं, आता कुणी तरी विचारणार, कार्ड कुठाय. कुणी विचारलं नाही. मुलांचा वेगळा विभाग, बसायला गाद्या. भाची वीस मिनिटांत झोपली. भाचा चित्रांची पुस्तकं घेऊन पालथा पडला. लेकीला जर्मन येत नाही, तरी ती प्राण्यांच्या पुस्तकातली चित्रं बघत तासभर बसली. शेजारी एक आजीबाई पेपर वाचत होत्या, एक माणूस चक्क डुलकी काढत होता. स्वच्छतागृह होतं. काही विकत घ्यायला लागलं नाही.

मी तिथे बसून आमचं सार्वजनिक वाचनालय आठवत होतो. 'ब' वर्ग, अनुदान मिळतं. सकाळी पेपर वाचायला निवृत्त मंडळी येतात, त्यांचा मला आदरच आहे. पण माझी लेक तिथे शेवटची कधी गेली? गेलीच नाही. बालविभागाची पाटी आहे, तिच्या खाली कपाट, कपाटाला कुलूप. आणि गावातली बाग दुपारी बारा ते चार बंद, म्हणजे सुट्टीत मुलं मोकळी असतात नेमक्या त्याच वेळी. बस स्टँडजवळच्या स्वच्छतागृहाबद्दल मी तीन बातम्या केल्यात, चौथी करणार आहे. बहिणीची ती तीन प्रश्नांची चाळणी आपल्या गावाला लावून बघा. मी लावली. थंडीचा प्रश्न आपल्याला नाही, तिथे ऊन धरा. बाकी दोन तसेच.

तिकडे सगळं सोन्याचं आहे असं नाही. बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांत नाणं टाकावं लागतं. रविवारी दुकानं बंद, दूध आणायला स्टेशनवर जावं लागलं. आणि ज्या शहराने २०१२ साली बस-ट्रॅमचा वर्षाचा पास ३६५ युरोंवर आणला, म्हणजे दिवसाला एक युरो, तिथेच यंदा जानेवारीपासून तो साडेचारशेच्या वर गेलाय. पैसा तिकडेही कमी पडतो. पण एक सांगतो. नळाचं पाणी मुलं सरळ पेला लावून पीत होती. ते आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं, १८७३ सालापासून उताराच्या जोरावर शहरात येतंय, पंपाशिवाय. दुसरी वाहिनी १९१० साली. आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी येतं आणि धरण डोळ्यांना दिसतं.

अजून एक गंमत. नगरपालिकेच्या भव्य इमारतीसमोर जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत बर्फावर घसरायचं मैदान करतात. आपल्याकडे त्याच जागी मोटारसायकली आणि उपोषणाचा मंडप. तिकीट होतं, म्हणून आम्ही कठड्याला टेकून अर्धा तास नुसते पडणारे लोक बघितले. मुलं पोट धरून हसली.

नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आम्ही बुधवारी गेलो, त्या दिवशी रात्री आठपर्यंत उघडं असतं. हलणारा, मान वळवणारा डायनासोर बघून भाचा स्तब्ध आणि भाची माझ्या पायाला चिकटलेली. लेकीला मात्र वेगळंच आवडलं. काचेमागे अकरा सेंटिमीटरची दगडाची बाई, जवळजवळ तीस हजार वर्षांपूर्वीची, १९०८ साली सापडलेली. "एवढीशी?" म्हणाली. मग म्हणाली, "हिला कुणी तरी खिशात घालून फिरत असणार." मला हे सुचलं नसतं.

तिने तिथलं स्वतःचं तिकीट जपून आणलंय. त्यावर किंमत शून्य छापलीय. वर्गात आयफेल टॉवरचं विचारल्यावर तिने तेच दाखवलं म्हणे. पोरांना त्यात काय विशेष ते कळलं नाही. एकाने विचारलं, "मग हरवलं तर काय फरक पडतो?"

आता हिशेब. मी भरले ते असे. दोघांचा व्हिसा, विमा, मुंबईपर्यंतचा प्रवास, माझी स्वतःची संग्रहालयाची तिकिटं आणि एकदा सगळ्यांचं जेवण, ज्याचं बिल द्यायला जावयांशी झटापट करावी लागली. विमान, रात्रीची गाडी, राहणं हे सगळं बहिणीने केलं. एकूण आकडा तिने अजून सांगितलेला नाही. तिकडे असताना दोनदा विचारलं. परवा फोनवर तिसऱ्यांदा विचारलं, म्हटलं, लोक मला विचारतात, काहीतरी सांगावं लागेल.

म्हणाली, "माहितीच्या अधिकारात अर्ज टाक."