सशाचे बिऱ्हाड

हसनाबादेस उन्हाळा चढला की आमच्या माळवदाच्या घरातली आतली खोली तेवढी थंड राहते. तरीही आमचा पहिला ससा आम्ही पत्र्याच्या पडवीत, तारेच्या पिंजऱ्यात ठेवला. वैशाखातल्या एका दुपारी तो धापा टाकीत आडवा झाला आणि दिवेलागणीपूर्वीच गेला. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, हे आम्हांस नंतर कळले.

दुसऱ्यासाठी आम्ही आतली खोलीच रिकामी केली. सशाच्या तळव्यांना मांजरासारख्या गाद्या नसतात. म्हणून सारवलेल्या जमिनीवर वाळल्या गवताचा जाड थर अंथरला. दात जन्मभर वाढतात. ते झिजावेत म्हणून खायलाही गवतच, गाजर क्वचित. पसरट मातीच्या भांड्यात पाणी, कोपऱ्यात विष्ठेसाठी जुने कागद घातलेले घमेले आणि लपावयास एक उपडे खोके. विजेच्या तारा उंच बांधल्या, कारण त्याही तो कुरतडतो.

आता तो पाय पसरून निर्धास्त निजतो. ते पाहताना पहिला आठवतो. त्याला आमची माया कमी पडली नव्हती. त्याची गरज मात्र आम्ही जाणून घेतली नव्हती.