मेलेली माणसं परत कुठून येणार?

बीजीएमआय खेळणाऱ्या मित्राला ‘हेल लेट लूज’ची क्लॅन मॅच दाखवली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : अरे, गोळ्या कधी मारणार? प्रश्न रास्त आहे. सुरुवातीची काही मिनिटं आमच्यातले बरेच जण ट्रकमध्ये बसलेले असतात. इंजिनिअर मागे झाडीत नोड बांधत असतात, कारण त्यातून मिळणाऱ्या इंधनावर आणि दारूगोळ्यावरच कमांडरला पुढे रणगाडे आणि बॉम्बहल्ले मागवता येतात. हेडफोनमध्ये तर लग्नघरातल्यासारखं बोलणं चाललेलं असतं. कोण पोचलं, सामान कुणाकडे आहे, दुसरी गाडी कुठे अडकली.

गेम दुसऱ्या महायुद्धावरचा. ५० विरुद्ध ५०, ९० मिनिटं. नकाशावर पाच मोक्याच्या जागा असतात. पाचही घेतल्या तर मॅच तिथेच संपली, नाहीतर वेळ संपताना ज्यांच्याकडे जास्त जागा ते जिंकले. नेम चांगला हवाच. पण मॅचच्या आदल्या रात्री डिस्कॉर्डवर नकाशा उघडून आम्ही बसतो, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीवर जातो : आपली मेलेली माणसं परत कुठून येणार?

उत्तर म्हणजे गॅरिसन. ऑफिसरने उभारायचा असा तळ, जिथून टीममधला कुणीही पुन्हा मैदानात उतरू शकतो. आपल्या हद्दीत तो बांधायला ५० सप्लाय लागतात, शत्रूच्या हद्दीत १००. सपोर्टवाला पाठीवरून जी पेटी आणतो ती ५०ची. म्हणजे शत्रूच्या हद्दीत तळ टाकायचा तर दोन पेट्या जिवंत पोचवायच्या. दोन गॅरिसनमध्ये किमान २०० मीटर अंतर हवं, आणि शत्रू अगदी जवळ आला की तिथून उतरणं बंद. गॅरिसन नसेल तर मेलेला माणूस पार मागच्या हेडक्वार्टरमधून चालत येतो. तो पोचेपर्यंत पुढची जागा गेलेली असते.

आमच्या प्लॅनचा बराचसा भाग म्हणूनच हमालीचा असतो. कुठल्या स्क्वॉडने मधली जागा धरायची हे दहा मिनिटांत ठरतं. पेट्या कुठे टाकायच्या, पहिली गॅरिसन पडली तर दुसरी कुठे, ती पडली तर तिसरी कुठे, यावर तास जातो.

दुसरा भाग बोलण्याचा. गेममध्ये आवाजाचे तीन रस्ते आहेत. एक आसपासच्या माणसांसाठी, एक आपल्या स्क्वॉडसाठी आणि एक फक्त ऑफिसर आणि कमांडरसाठी. मी ऑफिसर असतो तेव्हा तिन्ही एकदम कानात येतात. क्लॅनमध्ये यावर बसवलेला नियम साधा आहे : कुठे, किती, कुठे चाललेत. ‘एफ ५, चार जण, चर्चकडे.’ बस. मेलात तर कुठून गोळी आली तेवढं सांगायचं, कसे मेलात ते नाही. हा नियम पाळणं सगळ्यात जड जातं. प्रत्येकाला आपल्या मरणाची गोष्ट सांगायची असते, आणि ती सांगत असताना तिकडे दुसरा कुणी मदत मागत असतो.

आमची एक मॅच फॉयच्या नकाशावर झाली. बर्फाची उघडी शेतं, कडेने जंगल, मध्ये गाव. प्लॅनमध्ये गावामागच्या झाडीत एक राखीव गॅरिसन होती, आणि तिच्या राखणीला नागपूरचा एक सपोर्टवाला. तो तिथे बसला. पन्नास मिनिटं कुणीही त्या गॅरिसनवर उतरलं नाही. समोरच्यांचे दोन टेहळणीवाले तिला शोधत आले, त्यातला एक त्याने मारला, दुसरा पळाला. एवढंच. मॅच संपायला दहा मिनिटं राहिली असताना गावातल्या आमच्या दोन्ही गॅरिसन पाठोपाठ गेल्या. मग सगळे त्या झाडीतून उतरू लागले. शेवटच्या मिनिटापर्यंत गाव आमच्याकडे राहिलं आणि आम्ही तीन-दोनने जिंकलो.

मॅच संपल्यावर गलका चालू होता. स्कोअरबोर्डवर तो तळाशी होता. कुणीतरी त्याला म्हणालं, आज तूच मॅच काढलीस रे. तो म्हणाला, “काढली असेल. पण पन्नास मिनिटं मी बर्फाकडे बघत होतो. पुढच्या वेळी दुसऱ्याला बसवा.”

सगळे हसले, पण त्याचं बरोबर होतं. अशी कामं न कुरकुरता करणाऱ्या माणसाकडेच पुन्हा पुन्हा जातात. वर त्याला ‘टीम प्लेअर’ म्हटलं की आपलं देणं फिटलं असं वाटतं. कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये, ऑफिसात, घरी सणावाराला हेच होतं. आम्ही मग राखणीला पाळ्या लावल्या. चांगला नेम असणाऱ्यांनाही त्यातून सूट नाही. यामुळे आमची पुढची टोळी थोडी लंगडी होते, हे मान्य करून.

शाळेत पानिपतच्या धड्यात ‘मराठ्यांची रसद तुटली’ असं वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं, पराभवाच्या कारणांमध्ये एक मुद्दा म्हणून. १७६१च्या जानेवारीत उपाशी फौज छावणीतून बाहेर पडली ती का, हे मला एका पेटीसाठी चारशे मीटर रांगताना थोडंफार कळलं.

थोडंफारच. कारण फॉय हे बेल्जियममधलं खरं गाव आहे. जानेवारी १९४५मध्ये अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनने ते जर्मनांकडून घेतलं. त्या शेतांमध्ये पडलेल्यांना झाडीमागे कुठली गॅरिसन नव्हती. आमचं सगळं नियोजन ज्या प्रश्नावर उभं आहे, तो त्यांच्या नकाशावर नव्हताच. गेम रसद शिकवतो, बोलणं शिकवतो, पाळी लावायला शिकवतो. मरणाबद्दल तो काहीच शिकवत नाही, आणि ते विसरू नये एवढी काळजी आपण घ्यायची.

येत्या शनिवारी कॅरेंटन आहे. राखणीची पाळी माझी.