तोच ड्रेस

रविवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. वाडीत रेंज मिळत नाही, म्हणून ती खाली रस्त्यापर्यंत येऊन बोलत होती. मागून एसटी गेल्याचा आवाज आला. "मावशी, त्यांनी दुसऱ्यांदा बोलावलंय. बुधवारी." मी काही बोलायच्या आत तिने पुढचं विचारलं, "पहिल्या वेळी घातलेलाच ड्रेस चालेल का गं?"

पगाराचं नाही, काय विचारतील याचं नाही. आधी ड्रेस. मला नवल वाटलं नाही. 2004 सालच्या जुलैमध्ये हाच प्रश्न घेऊन मी रात्रभर जागी होते. फक्त विचारायला माझ्याकडे मावशी नव्हती.

आमची वाडी कर्जत-चौक रस्त्यापासून पाऊण तासाच्या चढावर. नाव ठाकुरवाडी. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत या नावाच्या वाड्या इतक्या आहेत की खालच्या गावाचं नाव जोडल्याशिवाय कुठली ते कळत नाही. रेल्वेने पुण्याला जाणाऱ्यांना ठाकुरवाडी म्हणजे बोरघाट चढताना लागणारी केबिन. गाडी पुढे जाते, नाव मागे राहतं. मी बी.एस्सी. झाले तेव्हा वाडीत पदवी घेतलेली पहिली मुलगी होते, आणि पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेतल्या जागेसाठी अर्ज केला होता.

पहिल्या मुलाखतीला मी पिस्ता रंगाचा सुती ड्रेस घातला होता. चुलतबहिणीच्या लग्नासाठी शिवलेला. तो सोडला तर चांगला म्हणावा असा दुसरा कपडा घरात नव्हता. आश्रमशाळेत गणवेश मिळायचा, एकदोन ठरावीक मापांचा. अंगाला बसो न बसो. सुट्टीत घरी आले की शहरातून कोणीतरी पाठवलेल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातला फ्रॉक. रिसॉर्टवर कामाला गेलेल्या आमच्या पोरांना मालक टी-शर्ट देतो, छातीवर रिसॉर्टचं नाव असतं. जन्मापासून अंगावर आलं ते कोणी तरी दिलेलं. आपण निवडून काही घालायचं, ही गोष्ट वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत माझ्या वाट्याला आलीच नव्हती. मुलाखतीला काय घालावं हा प्रश्न ज्यांना क्षुल्लक वाटतो, त्यांच्या घरी कपाट असतं.

पहिली मुलाखत बरी झाली. अनुमापनाबद्दल विचारलं, पीएचबद्दल विचारलं, मला सगळं आलं. शेवटी टेबलापलीकडचे एक गृहस्थ माझा पत्ता वाचून म्हणाले, "तुम्ही वाडीवरच्या वाटत नाही हो." ते कौतुकाने म्हणाले होते. मीही कौतुक समजूनच ते घेतलं आणि एसटीत खिडकीशी बसून चौक येईपर्यंत मनातल्या मनात घोळवत राहिले.

मग वाडीची चढण लागली. अर्ध्या वाटेवर आई भेटली. डोक्यावर गवताचा भारा, गुडघ्यापर्यंत खोचून नेसलेलं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा, पोटऱ्यांना चिखल. तिने भारा खाली न ठेवताच विचारलं, "झालं का गं?" आणि मला माझ्या खिडकीतल्या आनंदाची लाज वाटली. कारण त्या वाक्याचा अर्थ तिच्याकडे बघितल्यावर पुरा झाला. मी तिच्यासारखी दिसत नाही, म्हणून मी पसंत होते.

आम्ही ठाकूर, आदिवासी जमात. याच सुमाराला माझ्या धाकट्या भावाच्या जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीचं प्रकरण चालू होतं. चौकशीला माणूस घरी आला. आपल्यात लग्न कसं लावतात, मर्तिक कसं करतात, देव कोणते, हे विचारून झालं. भावाने हिरवा सांगितला, वाघदेव सांगितला. त्याच्या अंगावर पँट-शर्ट होता, मनगटावर घड्याळ होतं, बोलणं शाळेतलं होतं. जाताना तो माणूस म्हणाला, "तू ठाकूर वाटत नाहीस रे." शब्द जवळजवळ तेच. पण मला ज्यामुळे दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलं, त्यामुळेच भावाचा दाखला दोन वर्षं अडकून पडला. एका घरातली दोन भावंडं. एका दारात ठाकूर दिसायचं नाही आणि दुसऱ्या दारात ठाकूर दिसलंच पाहिजे. सकाळी उठून कपडे घालायचे तरी कुठले?

या दुसऱ्या दाराबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात 24 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की चालीरीतींची अशी चाचणी हीच काही जमात ठरवण्याची एकमेव कसोटी नव्हे. शिक्षण, शहर, शेजार यांनी माणसाच्या रीती बदलतात, आणि त्या बदलल्या म्हणून त्याची जमात बदलत नाही. आम्हाला हे आमच्या ओटीवर बसून माहीत होतं. पण न्यायालयाच्या कागदावर ते आलं याचं मोल फार मोठं आहे. पहिल्या दाराबद्दल मात्र कुठलं न्यायालय निकाल देणार? मुलाखतीच्या खोलीत कोण कोणाच्या कपड्यांकडे बघून काय ठरवतं, हे कागदावर कधी येत नाही.

आमच्याच जिल्ह्यात, महाडला, डिसेंबर 1927 मध्ये याच प्रश्नाला एकाने थेट हात घातला होता. मनुस्मृतीचं दहन झालं 25 तारखेला. त्यानंतर दोन दिवसांनी बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या बायकांशी बोलले. लुगडं नेसायची तुमची पद्धत आणि अंगावरचे हे दागिने ही तुम्हाला ओळखण्याची खूण झाली आहे, ती खूण टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, हेही सांगितलं. आणि बायकांनी ते घरी जाऊन विचार करू म्हणून ठेवलं नाही. महाड सोडण्याआधीच लुगडी घोट्यापर्यंत आली.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आईचं लुगडं डोळ्यापुढे आलं आणि मी अडखळले. आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत आहे ते कोणी सक्तीने तसं नेसायला लावलं म्हणून नाही. भाताच्या खाचरात, नाचणीच्या वरकसात, दगडाधोंड्यांच्या उतारावर घोळदार कपडा पायात येतो. ते लुगडं डोंगराने शिवल्यासारखं आहे. ते तिने का बदलावं? पण पुढे कळलं की बाबासाहेबांचं म्हणणं लुगड्याच्या लांबीपुरतं नव्हतंच. दुसऱ्याने वाचावी म्हणून तुमच्या अंगावर जी पाटी लागली आहे, ती ठेवायची की काढायची हे आपण ठरवावं, असा मोठा अर्थ मी त्यातून घेतला. महाडच्या बायकांनी काढायची ठरवली. माझ्या आईने कर्जतच्या बाजारात रानभाजी विकताना, गिऱ्हाइकाने एकेरी हाक मारली तरी, तेच लुगडं ठेवायचं ठरवलं. दोन्ही ठरवणं खरं. खोटं असतं ते आपल्या जागी दुसऱ्याने ठरवणं.

तर दुसऱ्या मुलाखतीचं पत्र आलं आणि हातात पाच दिवस होते. तीच माणसं पुन्हा बघणार. तोच ड्रेस घातला तर हिच्याकडे दुसरा नाहीच हे कळणार. नवा घ्यायचा तर बाबांची तीन-चार दिवसांची मजुरी. मैत्रिणीचा मागावा, तर ती माझ्याहून उंच. रात्री मी आईला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. "धुतलास का?" तिने विचारलं.

"धुतलाय."

"मग तोच घाल. त्यांनी तुलाच बोलवलंय ना परत?"

मला त्या वेळी ते साधं वाटलं होतं. आता मी स्वतः टेबलाच्या पलीकडे बसते, तेव्हा त्यातलं शहाणपण कळतं. पहिल्या मुलाखतीत आम्ही कागद बघतो, गुण बघतो, माणसाला जेमतेम नजरेत भरून घेतो. दुसऱ्यांदा बोलावतो ते हे बघायला, की त्या दिवशीचं माणूस खरं होतं ना. मग ते ओळखीचंच परत आलं तर बिघडलं कुठे?

पण धुतलेला ड्रेस जुलैत वाळवायचा कसा? आमचं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचं लिंपण. बाहेर धो धो पाऊस, आत ओल. कपडे वाळतात ते चुलीच्या वरच्या दांडीवर. आणि तिथे वाळलेल्या कपड्याला धुराचा वास येतो. आश्रमशाळेपुढचं शिक्षण बाहेर घेतलेल्या आमच्या प्रत्येक मुलामुलीला या वासाबद्दल कोणी ना कोणी बोललेलं असतं. कॉलेजात माझ्या बाकावरची मुलगी सरकून बसायची. मी ड्रेस तीन रात्री चुलीवर वाळवला आणि चौथ्या रात्री धूर जावा म्हणून ओटीवर टांगला, तर सकाळी तो पुन्हा दमट. शेवटी बाबांनी पितळी तांब्यात निखारे भरले, बूड फडक्याने पुसलं आणि घोंगडीवर ड्रेस पसरून तांब्या फिरवला. कडक इस्त्री झाली. धुराचा वास उरलाच, थोडा. मी नाक लावून पुन्हा पुन्हा बघत होते. आई म्हणाली, "आपल्या घराचा वास आहे तो." तिच्या आवाजात समजूत नव्हती, राग होता. तो राग मला घेऊन जायला मिळाला हे बरं झालं.

निघताना अंगात जुने कपडे, ड्रेस दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत, चपला हातात. रस्त्यालगतच्या किराणा दुकानदाराच्या घरी पाय धुतले, कपडे बदलले, आणि तिथल्या काकूंनी आपण होऊन पावडर पुढे केली.

त्या दिवशी प्रश्न फारसे विचारलेच नाहीत. एक वयस्कर सुपरवायझर आले आणि म्हणाले, चला, प्लांट बघू. दुसऱ्या फेरीत असं काही असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दारात त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं. चपलेने आत जाता येत नाही. त्यांनी सेफ्टी शूज दिले, दोन मापं मोठे. मग ओढणीकडे बघून म्हणाले, "ही मोकळी चालणार नाही. पंपात, शाफ्टमध्ये अडकते." मी क्षणभर थांबले. मग ओढणी छातीवरून तिरपी घेतली, कमरेभोवती एक वेढा दिला आणि टोक घट्ट खोचलं. आई लावणीला उतरताना पदर खोचते तसं. हात आपोआप तसेच चालले.

त्यांनी बघितलं. "बरोबर बांधलीत," म्हणाले. "शहरातल्या पोरी पिन शोधत बसतात." मग ड्रेसची बाही चिमटीत धरल्यासारखं लांबूनच दाखवून म्हणाले, "सुती आहे हे उत्तम. सिंथेटिक कपडा पेटला तर वितळून कातडीला चिकटतो." मी घरात एकच होता म्हणून तो ड्रेस घातला होता, आणि कामाच्या दृष्टीने तोच योग्य निघाला. आत सॉल्व्हंटचा असा उग्र दर्प होता की माझा धूर कुठल्या कुठे गेला.

नोकरी मिळाली. तो ड्रेस मी पुढे दोन वर्षं प्रयोगशाळेत वापरला. पातळ गंधकाम्लाचा थेंब सुती कपड्यावर पडला तर लगेच काही दिसत नाही; दोनतीन धुण्यांनंतर तिथे टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडतं. कोटाबाहेर राहिलेल्या त्याच्या उजव्या बाहीच्या कडेला अशी सात भोकं आहेत. ड्रेस अजून ट्रंकेत आहे.

भाचीला मी फोनवर एवढंच सांगितलं: तोच घाल. सुती आहे ना, बघून घे. ओढणी असेल तर खोचता येईल अशी घे. पायात बंद बूट, ते मी पाठवते, कारण ते हौसेचे नाहीत, कामाचे आहेत. केसांना तेल लावलंस तरी चालेल. आणि कोणी म्हणालं की तू वाडीवरची वाटत नाहीस, तर हसून गप्प बसू नकोस. मी बसले होते. "वाडीवरचीच आहे," एवढं म्हण आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघ.

"आणि धुराचा वास?" तिने विचारलं. म्हणजे वीस वर्षांनंतरही तो प्रश्न तिथेच आहे. वाडीत गॅसच्या टाक्या आल्या, पण भरून आणायला पैसे आणि खांद्यावर आणायला माणूस लागतो. पावसाळ्यात चूलच पेटते. "आजीला विचार," मी म्हणाले. आईने तिला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे.

बुधवारी सकाळच्या एसटीने ती जाईल. तुमच्यापैकी जे अशा टेबलापलीकडे बसतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. समोर आलेल्या मुलीच्या अंगावर मागच्या वेळचाच ड्रेस दिसला, तर तो कुठे वाळला असेल, घरून रस्त्यापर्यंत कोणत्या पिशवीतून आला असेल, याचा एक क्षण विचार करा, आणि मग तिला तिच्या विषयातला चांगला, कठीण प्रश्न विचारा.