वगळलेला देश

वडिलांचा जुना पासपोर्ट आमच्या लक्ष्मीबाई नगरातील सरकारी घरात एका पत्र्याच्या पेटीत ठेवलेला असे. कचेरीच्या कामासाठी ते आयुष्यात एकदाच परदेशी जाऊन आले होते. पण तो पासपोर्ट आईच्या दागिन्यांशेजारी जपून ठेवला जाई. त्यातील एका ओळीचे मला फार कुतूहल वाटे. दक्षिण आफ्रिकेच्या प्रजासत्ताकात हा पासपोर्ट चालणार नाही, अशा अर्थाची ती ओळ होती. एवढ्या मोठ्या जगातून नेमका हाच देश का वगळला असावा? मी विचारले तेव्हा वडील म्हणाले, "तिथे माणसांना रंगावरून वेगळे काढतात. म्हणून आपण त्यांच्याशी बोलत नाही."

त्या वयात मला आणखी एका न बोलण्याची काळजी असे, आणि ती घरातली होती. आई लग्नानंतर साताऱ्याकडून थेट दिल्लीला आली. तिची हिंदी मराठीच्या चालीने चाले. आय.एन.ए. बाजारात ती भाजीवाल्याला विचारी, "भैया, भेंडी कोवळी है ना?" तो गोंधळून पाही आणि मी लाजेने दुसरीकडे पाही. एकदा शाळेत पालकांची सभा होती. आदल्या रात्री मी तिला सांगितले, "आई, तू तिथे बोलू नकोस. बाबा बोलतील." ती सभेला आली, शेवटपर्यंत बसली आणि एक शब्दही बोलली नाही. शिक्षकांनी तिला माझ्या अभ्यासाबद्दल विचारले, तेव्हाही ती नुसती हसली.

दक्षिण आफ्रिकेची हकिकत मला पुढे पुस्तकांतून समजली. स्वतःचे स्वातंत्र्य हाती येण्यापूर्वीच, १९४६ साली, भारताने त्या देशाशी व्यापार तोडला होता. १९४८पासून तिथल्या गोऱ्या राजवटीने वर्णभेदाला कायद्याची चौकट दिली. कोणी कुठे राहावे, कोणत्या शाळेत शिकावे, कोणाशी लग्न करावे, हे कातडीच्या रंगावरून ठरू लागले. केपटाऊनमधील ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ ही नांदती वस्ती १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव ठरवली गेली आणि पुढील काही वर्षांत सुमारे ६०,००० माणसांना तिथून उठवण्यात आले. नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या तुरुंगवासानंतर ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटले. १९९३ साली भारताने पुन्हा संबंध जोडले, आणि एप्रिल १९९४मध्ये तिथल्या सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले.

दिल्लीत वाढलेल्या माणसाला राजधानी म्हणजे एकच शहर, असे वाटत असते. या देशाला तीन राजधान्या आहेत. सरकारी कारभार प्रिटोरियातून चालतो. तिथले रस्ते ऑक्टोबरमध्ये जॅकरंडाच्या जांभळ्या फुलांनी भरून जातात, कारण आपल्याकडे पावसाळा सरतो तेव्हा तिकडे वसंत असतो. संसद केपटाऊनला आहे. माथा करवतीने कापावा तसा सपाट असलेला टेबल माउंटन त्या शहरामागे उभा आहे. अपिलांचे वरिष्ठ न्यायालय ब्लूमफाँटेनला. गंमत म्हणजे देशातील सर्वांत मोठे शहर, जोहान्सबर्ग, या तिन्हींत नाही. तिथे समुद्र नाही, मोठी नदी नाही. १८८६ साली सोने सापडले आणि उघड्या माळावर शहर उभे राहिले. सोने गोऱ्या मालकांचे आणि खाणीत उतरणारे हात मुख्यतः काळ्या माणसांचे, ही त्या शहराची जन्मकथा आहे. गांधीजी आणि मंडेला या दोघांनाही ज्या जुन्या किल्ल्यातील तुरुंगात ठेवले होते, त्याच्याच आवारात आज देशाचे घटना न्यायालय आहे. एखाद्या देशाने आपल्या न्यायालयासाठी यापेक्षा योग्य जागा निवडली असेल, असे मला वाटत नाही.

पूर्व किनाऱ्यावरच्या दरबानशी आपले नाते जुने आहे. १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेले ‘ट्रुरो’ नावाचे जहाज तिथे पोचले. त्यातून उसाच्या मळ्यांसाठी करारावर नेलेले मजूर, म्हणजे गिरमिटिये, उतरले. त्यांच्या आणि त्यांच्यामागून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या वंशजांमुळे आज त्या देशात भारतीय वंशाचे १५ लाखांहून अधिक लोक आहेत. पाव पोखरून त्यात रस्सा भरलेला ‘बनी चाऊ’ हा दरबानच्या भारतीयांचा खास पदार्थ. कोकणातून गेलेले मुसलमानही तिथल्या शहरांत होते.

या कोकणी मंडळींमुळे जे घडले, ते वाचून मला शाळेतली ती सभा आठवली. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले केपटाऊनला उतरले. मुदत संपलेल्या गिरमिटियांवर आणि त्यांच्या कुटुंबीयांवर नाताळ प्रांतात माणशी तीन पौंडांचा वार्षिक कर होता. तो न पेलल्यामुळे कितीतरी जण पुन्हा करारात अडकत. हा कर रद्द व्हावा, हे गोखल्यांच्या दौऱ्याचे एक मुख्य कारण होते. किंबर्ले, जोहान्सबर्ग, दरबान, प्रिटोरिया असा त्यांचा दौरा झाला आणि गांधीजी सतत बरोबर होते. टॉल्स्टॉय फार्मवर त्यांच्यासाठी मुद्दाम पलंग आणला होता. पण बाकीचे सारे जमिनीवर झोपतात हे कळताच, प्रकृती बरी नसतानाही, त्यांनी तो दूर करायला लावला.

जोहान्सबर्गला भारतीयांची मोठी सभा होती. गोखल्यांची इंग्रजी तर इंग्रजांनीही वाखाणलेली, आणि हिंदुस्थानी बेताची. तेव्हा ते इंग्रजीतच बोलणार होते. गांधीजींनी सुचवले, आपण मराठीत बोला. सभेत कोकणी मुसलमान आहेत, काही महाराष्ट्रीय हिंदूही आहेत. त्यांना आनंद होईल, आणि बाकीच्यांसाठी मी हिंदुस्थानीत सांगेन. गोखल्यांना हसू आले. गांधीजींची हिंदुस्थानी त्यांनी ऐकली होती. त्यांना मराठी कितपत येते, याची तर शंकाच होती. पण गांधीजींनी हट्ट सोडला नाही. गोखले मराठीत बोलले, आणि पुढे झांझिबारपर्यंत अशा प्रत्येक सभेत मराठीतच बोलले. दर वेळी दुभाषी गांधीजी. येरवडा तुरुंगात लिहायला घेतलेल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात त्यांनी ही आठवण नोंदवली आहे.

प्रिटोरियात बोथा आणि स्मट्स यांच्या भेटीनंतर कर जाणार, असा गोखल्यांचा समज झाला. गांधीजींना मात्र खात्री वाटत नव्हती, आणि ते खरे ठरले. १९१३ साली खाणींतील आणि मळ्यांतील हजारो मजुरांनी संप केला, अनेक जण तुरुंगात गेले, तेव्हा कुठे १९१४ साली तो कर गेला.

त्या देशाला आज १२ राजभाषा आहेत. बारावी २०२३ साली आली, ती मूकबधिरांची खुणांची भाषा.

जोहान्सबर्गच्या सभेचा प्रसंग मी आईला वाचून दाखवला, तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. ती मटार सोलत होती. मी थांबल्यावर तिने विचारले, "मग गोखल्यांचं बोलणं सगळ्यांना कळलं?"

"कळलं असणार. गांधीजी हिंदीत सांगत होते ना."

तिने हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. म्हणाली, "तुझ्या शाळेत मलाही सांगायचं होतं रे. तू रात्री उशिरापर्यंत गणितं सोडवायचास, दिवा बारीक करून. ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. असा कुणी शेजारी बसून हिंदीत सांगणारा असता, तर बोलले असते मी."

मला काही उत्तर सुचले नाही. मी तिच्यासमोर बसलो आणि शेंगांचा ढीग माझ्याकडे ओढून घेतला.