दोघे कॉमर्सवाले

कॉमर्स झालेल्या माणसाकडून समाजाच्या अपेक्षा फार माफक असतात. त्यानं बेरीज चुकवू नये, पावत्या जपून ठेवाव्यात आणि नातेवाइकांचे फॉर्म भरून द्यावेत, एवढं झालं की समाज खूश. त्यानं नाचावं असं कुणालाही वाटत नाही. वरातीत बँडवाल्यानं सूर धरला की मित्रमंडळी आपापली घड्याळं, पाकिटं आणि मोबाइल माझ्या स्वाधीन करून मैदानात उतरतात. बँकेतला माणूस, ठेव सुरक्षित राहील! अशा किमान चाळीस वरातींचा मी चालताबोलता लॉकर आहे.

त्यामुळे अस्ताद देबू हा नर्तक मुंबईच्या पोदार कॉलेजात कॉमर्स शिकला होता, हे कळलं तेव्हा आपल्याच भावकीतला कुणीतरी चंद्रावर जाऊन आल्यासारखी माझी छाती फुगली. १९४७ साली नवसारीला जन्मलेला हा पारशी मुलगा जमशेदपुरात वाढला. लहानपणी कथ्थक शिकला, पुढे मुंबईत जमाखर्च शिकला. आणि तिथं त्यानं मरे लुईस या अमेरिकन नर्तकाच्या कंपनीचा कार्यक्रम पाहिला. संपलं! १९६९ मध्ये गडी एका मालवाहू बोटीत बसला आणि इराणच्या खोरमशहर बंदरात उतरला. तिथून दिसेल त्या गाडीला हात दाखवत त्यानं युरोप गाठला. लंडनमध्ये मार्था ग्रॅहॅमची पद्धत, मग न्यूयॉर्कमध्ये होझे लिमोनची, आणि एवढं जग पालथं घालून परत आल्यावर भारतात कथकली.

मीही कॉमर्स घेऊनच घराबाहेर पडलो होतो. मीही हात दाखवला, पण शहागडच्या फाट्यावर, एस. टी.ला. पहिली थांबली नाही. दुसरी थांबली, तिनं मला अंकुशनगरला आणून सोडलं, आणि तिथल्या बँकेच्या काउंटरमागे मी जो बसलो तो अजून बसलोच आहे.

अंकुशनगर म्हणजे जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, साखर कारखान्याभोवती वसलेली वस्ती. इथं दौरे निघतात ते ऊसतोड टोळ्यांचे. तुम्ही म्हणाल, नृत्याच्या परदेश दौऱ्याशी याचा काय संबंध? कॉमर्सच्या दृष्टीनं फारच जवळचा. दोन्हीकडे आधी कुणीतरी उचल द्यावी लागते, मग बोचक्यांसकट माणसं हलवावी लागतात, आणि शेवटी हाती काय उरलं हे विचारलं की मुकादम दुसरीकडे बघतो.

देबूंनी सत्तरांहून अधिक देशांत नाच केला, चीनच्या भिंतीवरही केला. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २००७ मध्ये पद्मश्री. १० डिसेंबर २०२० रोजी मुंबईत ते गेले. त्यांचं नृत्य मी मोबाइलवर पाहिलं, बँकेत, डब्याच्या सुट्टीत. आमचा शिपाई मागून डोकावत होता. दोन मिनिटं त्यानं कळ काढली.

"सायब, रेंज गेली जणू."

रेंज होती. तो माणूसच तेवढ्या सावकाश हात उचलत होता. इतकी संथ हालचाल आमच्या शाखेत एरवी कर्जाच्या फायलीचीच असते. पण फाईल सरकताना कुणी श्वास रोखून बघत नाही. इथं आम्ही दोघं बघत राहिलो, भाजी गार झाली.

खरं तर मी हे सगळं शोधत बसलो ते देबूंसाठी नव्हे, माझ्या भाचीसाठी. ती आठवीत आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. परगावच्या तिच्या शाळेत स्नेहसंमेलनात कोळीनृत्य होतं, आणि तिला केलं होतं झाड. झाडाला गाणं ऐकू यायची गरज नसते, असा कुणीतरी हिशेब मांडला असणार. मी पहिल्या रांगेत होतो. हिरव्या कागदांतून तिचे डोळे नाचणाऱ्या मुलींच्या पायांवर होते. त्यातली एक मुलगी दोनदा चुकली, ते झाडाच्या लक्षात आलं. तिनं मला खुणेनं सांगितलं, नंतर, रिक्षात.

बहिणीनं मात्र घरी आल्यावर तो हिरवा पोशाख गपचूप बंबात घातला.

तर देबूंनी कोलकात्याच्या 'ॲक्शन प्लेयर्स' या मूकबधिरांच्या मंडळींबरोबर काम केलं, चेन्नईच्या क्लार्क शाळेतल्या मुलींबरोबर केलं. जानेवारी २००५ मध्ये मेलबर्नला मूकबधिरांचं विसावं ऑलिंपिक झालं, तिथं या शाळेच्या बारा मुलींना घेऊन ते रंगमंचावर उतरले. एकीलाही नीट ऐकू येत नव्हतं. मग ताल कसा धरायचा? तर मोजून! मनातल्या मनात आकडे म्हणायचे, डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारणीवर नजर ठेवायची आणि नेमक्या आकड्याला पाय टाकायचा. हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. मोजणं! अहो, ते तर आमचं खातं! इतकी वर्षं मी ओल्या स्पंजवर अंगठा टेकवून हेच करतोय, फक्त पाय टेबलाखाली असतात.

दिवाळीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे आली. मी तिला देबूंचं नृत्य दाखवलं, त्या बारा मुलींविषयी लिहून दाखवलं. तिनं तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून फ्रॉकच्या खिशात ठेवला. बोलली काहीच नाही.

गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. संध्याकाळी दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर दारावरून गेला. या ट्रॅक्टरांवरचे स्पीकर म्हणजे विचारू नका, मांडणीवरची भांडी फुगडी घालतात. मी सवयीनं कानांवर हात ठेवले. भाचीनं चपला काढल्या. अनवाणी पाय फरशीवर घट्ट दाबून ती बोटांवर मोजू लागली. आठ झाले की पुन्हा एक. मग तिनं मला ओढून उभं केलं आणि माझीही बोटं उघडायला लावली. एक, दोन, तीन... आठ झाल्यावर माझा अंगठा आपोआप नवाकडे निघाला. शंभराशिवाय थांबायची त्याला सवय नाही. तिनं हातावर सणसणीत चापट मारली आणि पहिलं बोट पुन्हा वर केलं.