अर्थ लागला!

गेले दोन महिने इकडे काही लिहिलं नाही. मामेबहिणीचा मेल आला, "अरे, आहेस ना?" आहे बाबा. पण आमचा जेसीबी आजारी होता.

जेसीबी हे आईने ठेवलेलं नाव. खरं तर तो कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर. आकाराने मोटारीएवढा, वजन चार टन, चाकांऐवजी रणगाड्यासारखे रबरी पट्टे, पुढे दोन हात आणि त्यांना बकेट. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची आमची खडीची वाट दर पावसात वाहून जाते, म्हणून जुना बघून घेतला. ह्या यंत्राचं कूळ आमच्या मिनेसोटातलंच. १९५७ साली रॉथसे गावाजवळ केलर बंधूंनी एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याला खांबांच्या दाटीतून वळेल असा चिमुकला तीनचाकी लोडर करून दिला. त्यातून पुढे हा सगळा गोतावळा वाढला. पट्टे बरेच नंतर आले.

तर झालं असं. ऑक्टोबरचा शनिवार. बकेट खडीने भरलेली, हात डोक्याच्याही वर, आणि मशीन जागच्या जागी गोठलं. इंजिन सुरू, पण पट्टे हलेनात, हात खाली येईनात. जमीन गोठायच्या आत चर खणून व्हायला हवा होता, नाहीतर काम थेट एप्रिलवर!

आदल्या दिवशी चिरंजीवांनी प्रेशर वॉशरने मशीन धुतलं होतं. मी केबिनमधूनच ओरडलो, "सगळ्या स्विचमध्ये पाणी घातलंस!" तो म्हणाला, "बाबा, मी तिकडे पाणी मारलंच नाही." मी म्हणालो, "मग काय आपोआप झालं?" वय वर्षं सतरा. तो घरात निघून गेला आणि पुढचे तीन दिवस आमच्यातला संवाद "जेवायला चला" एवढाच, तोही आईमार्फत.

आधी हात खाली आणले. त्यासाठी केबिनमध्ये एक नॉब असतो, इंजिन बंद असतानाही हात हळूहळू उतरवता येतात. वर अडकलेल्या हातांखाली डोकं घालायचं नाही, हा ह्या धंद्यातला पहिला नियम. माणसं चिरडू नयेत म्हणूनच तर मशीनमध्ये सगळी कुलुपं आहेत. सीटखाली एक स्विच, मांडीवर ओढायच्या दांड्याला दुसरा. दोघेही "हो" म्हणाले की कॉम्प्युटर सोलेनॉइडना करंट देतो, मग ब्रेक सुटतो आणि हात हलतात. करंट गेला की ब्रेक स्प्रिंगने आपोआप लागतो. म्हणजे मशीन बिघडलं नव्हतं, त्याला परवानगी मिळत नव्हती.

मला अर्थातच पाण्याचा पुरावा हवा होता. सीटचा स्विच काढला. कोरडा. दांड्याचा सेन्सर पाहिला. ठणठणीत. फ्यूज शाबूत, तेल पातळीवर, बॅटरी १२.४ व्होल्ट. एका ओळखीच्याने सुचवलं, "स्विच बायपास करून टाक." मोह झाला, पण नाही केलं. उद्या त्या सीटवर पोरगाच बसणार होता.

चौथ्या दिवशी अडलो. सीटवर वजन, दांडा खाली आणि त्याच वेळी मागे मीटर धरायचा, हे एकट्याचं काम नव्हे. त्याच्या खोलीचं दार वाजवलं. काही न बोलता आला आणि बसला. इंजिन बंद, फक्त चावी ऑन. सोलेनॉइडचा कनेक्टर सुटा ठेवला तर मीटरवर पूर्ण १२.४. कनेक्टर जोडला की धाडकन ७! म्हणजे ताकद वाटेत कुठेतरी गळत होती. आता बॅटरीच्या निगेटिव्हपासून सोलेनॉइडच्या अर्थच्या वायरपर्यंत मोजलं. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसले ५ व्होल्ट. अर्थ खराब!

केबिन मागे झुकवून, टेकू लावून काळी वायर धरत गेलो. शेवटी चासीवर एक बोल्ट. खाली टर्मिनलची रिंग, आणि रिंगखाली छान, चकचकीत, पिवळा रंग.

तो रंग मी दिला होता. मे महिन्यात गंज खरवडून मोठ्या हौसेने चासी रंगवली आणि बोल्ट रंगावरच आवळला. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम संपर्क होता, त्यावर उन्हाळा निघाला. धक्क्यांनी आणि दमटपणाने तोही गेला.

पॉलिश पेपरने उघड्या लोखंडापर्यंत घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. ५ चे ०.१ झाले. मशीन निमूट चाललं. खर्च, पॉलिश पेपरचा एक तुकडा.

बोल्ट दाखवून म्हणालो, "हे माझं काम. तुझं काही चुकलं नव्हतं. उगाच ओरडलो तुझ्यावर." एवढं बोलायला तीन दिवस चार टनांच्या मशीनशी झटापट करावी लागली. तो बोल्टकडे बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे बाबा, ग्राउंड तुझाच खराब होता." आणि हसला.

चर त्यानेच खणला. मी फावडं घेऊन कडा नीट करत होतो.

आता मीटर हातात घेतला की मी पहिलं टोक माझ्याच शेवटच्या दुरुस्तीला लावतो. मशीनच्या बाबतीत तरी ही सवय लागली आहे. घरात अजून प्रयत्न चालू आहेत. चिरंजीव मराठी वाचत नाहीत, पण त्यांची आई वाचते, तेव्हा हे लेखी राहू दे.